डबाबंद भाजी की ताजी भाजी? पोषण नेमकं कुठे जातं आणि कुठे टिकतं, पायरी पायरीने

डब्यातल्या भाजीत काही उरलेलंच नसतं असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं, आणि ते कुठे वाचून बनलेलं नव्हतं, घरात सगळे तसंच म्हणायचे म्हणून माझंही तेच. मग घरात एकाला ब्लड प्रेशर निघालं, डॉक्टरांनी मीठ मोजून खायला सांगितलं आणि मी पहिल्यांदा डब्यांची लेबलं नीट वाचायला बसले. त्या निमित्ताने पोषणाचे तक्तेही उघडले. तेव्हा कळलं की व्हिटॅमिन जातं हे खरं, पण मला वाटत होतं तेवढं नाही, आणि ज्या मिठाकडे मी कधी बघितलंच नव्हतं ते मात्र भरपूर होतं. त्यामुळे "ताजं चांगलं, डबा वाईट" एवढ्यावर न थांबता स्वतः कसं ठरवायचं ते इथे लिहितेय. वाचताना तुमच्या घरात नेहमी येणारी एक भाजी डोक्यात ठेवा, मटार म्हणा, पालक म्हणा, टोमॅटो म्हणा, आणि प्रत्येक पायरी तिला लावून बघा.

पायरी १: तुलना ताटात पडलेल्या भाजीशी करा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपण शेतातून नुकत्या तोडलेल्या कच्च्या भाजीचे आकडे एका बाजूला ठेवतो आणि डब्यातली शिजलेली भाजी दुसऱ्या बाजूला. पण मटार आपण बहुतेक वेळा शिजवूनच खातो ना, मग तुलनाही शिजवलेल्या मटारशीच व्हायला हवी.

अमेरिकेच्या शेती खात्याचे पोषण तक्ते सगळ्यांना बघायला खुले आहेत, त्यातलं व्हिटॅमिन सी बघा. १०० ग्रॅम कच्च्या मटारमध्ये साधारण ४० मिलीग्रॅम, तेच उकडून पाणी काढून टाकलं की १४ च्या आसपास, आणि डब्यातले निथळलेले मटार साधारण १०. म्हणजे मोठी घसरण कच्च्यापासून शिजवलेल्यापर्यंत येतानाच झाली, ती आपल्याच गॅसवर झाली. शिजवलेले आणि डब्यातले यात फरक आहे, पण तो ४० आणि १० मधला नाही, १४ आणि १० मधला आहे.

पालकाचं तर अजून वेगळं. कच्चा २८, उकडून निथळलेला १० च्या आत आणि डब्यातला निथळलेला १४ च्या आसपास. हे बघून मला आधी वाटलं छापताना काही चुकलंय, पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची, भाजी मुळात किती ताजी होती आणि किती पाण्यात, किती वेळ शिजवली यावरून हे आकडे बदलतात. अशा तुलनेत हा घोळ नेहमी असतो, तेव्हा असे आकडे अंदाज घेण्यापुरते वापरायचे, एक-दोन मिलीग्रॅमवरून वाद घालायला नाही.

पायरी २: "ताजी" म्हणजे किती दिवसांची ते विचारा

भाजी तोडली तरी तिचा श्वास चालू असतो. ती साठवलेली साखर वापरत राहते, पाणी सोडत राहते आणि व्हिटॅमिन सी हळूहळू नाहीसं होत जातं. हिरव्या मटारसारख्या नाजूक भाजीतलं निम्मं सी तोडल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच जाऊ शकतं, खास करून थंड ठेवली नाही तर. पालक फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवला तरी जवळपास तीन चतुर्थांश सी जातं, आणि २० अंशांना बाहेर आठवडा काढला तर जवळजवळ काहीच उरत नाही. शेतातून गोदाम, गोदामातून ट्रक, ट्रकमधून दुकान, मग आपल्या फ्रिजचा खालचा कप्पा, एवढा सगळा प्रवास झाल्यावरही आपण तिला ताजीच म्हणतो.

डब्यात जाणारी भाजी मात्र बहुतेक वेळा कारखान्याच्या जवळच्या शेतातली असते, ती पूर्ण तयार झाल्यावर तोडतात आणि मटारसारखी भाजी तर काही तासांत प्रक्रियेत जाते. सुरुवातीला तिच्यात पोषण चांगलंच असतं. नंतर उष्णतेत जायचं ते जातं.

मग करायचं काय, तर पालेभाजी आणि मटार दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच घ्या. देठाचं टोक बघा, वाळून तपकिरी झालं असेल तर भाजी जुनी आहे. घरी आल्यावर लगेच थंड जागी ठेवा. आधीच चिरून डब्यात भरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, चिरलेल्या प्रत्येक कडेला हवा लागते आणि सी तिथूनच जातं. धुवायची ती चिरण्याआधी. गाजर, बीट, भोपळा, कोबी यांना एवढी घाई नाही, ते बरेच दिवस चांगले राहतात.

पायरी ३: डब्यात नक्की काय होतं ते एकदा समजून घ्या

ही माहिती असली की पुढचं काहीच पाठ करावं लागत नाही. भाजी धुतात, कापतात, मग थोडा वेळ गरम पाण्यात किंवा वाफेत धरतात. त्याने रंग आणि चव बिघडवणारी एन्झाइम्स थांबतात आणि भाजीतली हवा निघते. नंतर ती डब्यात भरून वर पाणी, बहुतेक वेळा मिठाचं पाणी, ओततात, झाकण हवाबंद करतात आणि आख्खा डबा दाबाखाली तापवतात.

तापमान इतकं का लागतं, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू आहे, त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यातही तग धरतात आणि हवा नसलेल्या, आंबटपणा नसलेल्या बंद डब्यात वाढून जीवघेणं विष तयार करू शकतात. म्हणून ज्या भाजीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तेवढा आंबटपणा कमी) ४.६ च्या वर आहे, म्हणजे मटार, गाजर, मका, फरसबी, पालक, मशरूम जवळजवळ सगळ्याच, तिच्या डब्यात अगदी मधोमध १२१ अंश सेल्सिअसला साधारण तीन मिनिटं मिळतील एवढी तरी उष्णता द्यावी लागते. टोमॅटो आंबट, त्यामुळे त्याचं काम १०० अंशांच्या आसपासही भागतं, गरज पडली तर थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालतात. टोमॅटोचा डबा पोषणाच्या बाबतीत बाकीच्यांपेक्षा सरस निघतो त्याचं एक कारण हेच, तो कमी भाजून निघतो.

ही पद्धत फ्रान्सच्या निकोला अपेरने बसवली, त्याने काचेच्या बाटल्या वापरल्या, सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं आणि १८१० मध्ये त्याने ती छापून सगळ्यांना सांगितली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. जंतूंचं शास्त्र तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पाश्चरचं काम त्यानंतर पन्नासएक वर्षांनी आलं. मला हे फार आवडतं, कारण न कळताही अपेरने दोन गोष्टी बरोबर पकडल्या होत्या, तापवा आणि हवा आत जाऊ देऊ नका. हवा नाही म्हणूनच डब्यातलं नुकसान बहुतेक एकदाच होतं, तापवताना. त्यानंतर डबा महिनोन् महिने थंड जागी पडून राहिला तरी उरलेलं पोषण फार हळू कमी होतं.

आणि हो, हे वाचून घरीच बाटल्या भरून उकळायला घेऊ नका. साध्या उकळत्या पाण्यात १०० अंशांच्या वर जाता येत नाही, त्यामुळे आंबट नसलेल्या भाज्या घरी अशा बंद करणं खरोखर धोक्याचं आहे. त्यासाठी खास प्रेशर कॅनर आणि तपासून ठरवलेल्या वेळा लागतात, अंदाजाचं काम नाही.

पायरी ४: एकेक घटक वेगळा काढून बघा

"पोषण" म्हणजे एकच गोष्ट नाही. काही घटक पाण्यात विरघळतात, काही तेलात, काही उष्णतेने मोडतात तर काहींना उष्णतेने काहीच होत नाही.

जातं ते मुख्यतः व्हिटॅमिन सी, बी-१ आणि फोलेट (हेही बी गटातलंच एक व्हिटॅमिन). सी आणि बी-१ उष्णतेने मोडतात, आणि तिन्ही पाण्यात उतरतात. किती जातं ते भाजीप्रमाणे फार बदलतं, सी काही भाज्यांत थोडंच जातं तर काहींत बहुतेक सगळं. गाजरातलं बरंच जातं, पण गाजरात ते मुळात १०० ग्रॅममागे सहा मिलीग्रॅमच्या आत असतं, सी साठी गाजर कोण खातं? म्हणून "९० टक्के गेलं" असं ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा, मुळात होतं किती. सी ची भरपाई कच्च्या गोष्टींनी करणं सोपं आहे, कच्च्या लाल सिमला मिरचीत १०० ग्रॅममागे १२० मिलीग्रॅमच्या वर सी असतं, तिचे चार तुकडे बाजूला ठेवले की डब्यातल्या मटारने काय गमावलं त्याची चिंता करायचं कारण उरत नाही.

टिकतं ते कॅरोटीन, म्हणजे ज्याचं शरीरात व्हिटॅमिन ए होतं ते, आणि बऱ्यापैकी व्हिटॅमिन ई. ही तेलात विरघळणारी, पाण्यात फारशी उतरत नाहीत. गाजर, भोपळा, पालक शिजल्यावर पेशींच्या भिंती सैल होतात आणि कॅरोटीन शरीराला मिळणं उलट सोपं होतं. सोबत थोडं तेल किंवा तूप हवं, नुसतं कोरडं खाऊन तेवढं शोषलं जात नाही.

टोमॅटोचं मात्र वेगळंच आहे. त्याच्या लाल रंगातलं लायकोपीन कच्च्यापेक्षा शिजवलेल्या, वाटलेल्या टोमॅटोतून शरीराला जास्त मिळतं, आणि प्युरी किंवा पेस्टमध्ये पाणी आटवलेलं असल्याने ते दाटही होतं. कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे साधारण अडीच-तीन मिलीग्रॅम, घट्ट पेस्टमध्ये त्याच्या कितीतरी पट. म्हणून टोमॅटोचा डबा किंवा पेस्ट घेताना मला अजिबात वाईट वाटत नाही. कच्च्या टोमॅटोत सी थोडं जास्त, शिजलेल्यात लायकोपीन हाताशी, दोन्ही प्रकारे खा.

फायबर कुठे जात नाही. भाजी मऊ लागते म्हणून फायबर गेलं असं वाटतं पण ते तिथेच असतं, फक्त मऊ झालेलं. प्रोटीनही तसंच, राजमा आणि चण्याच्या डब्यात ते जवळपास शाबूत असतं.

खनिजं उष्णतेने मोडत नाहीत, पण पाण्यात उतरतात, पोटॅशियम विशेष. डब्यातलं पाणी ओतून दिलं की बरंचसं त्याबरोबर गेलं. कॅल्शियम कधी कधी उलट वाढलेलं दिसतं, कारण फोडी घट्ट राहाव्यात म्हणून टोमॅटोच्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात, लेबलवर ते दिसलं तर घाबरू नका.

पायरी ५: लेबल वाचा, आणि आधी सोडियम बघा

माझ्या मते डबाबंद भाजीचा खरा प्रश्न व्हिटॅमिनचा नाहीच, मिठाचा आहे. कच्च्या मटारमध्ये १०० ग्रॅममागे सोडियम (मिठातला घटक, लेबलवर हाच लिहिलेला असतो) जेमतेम ५ मिलीग्रॅम, मीठ घातलेल्या डब्यातल्या मटारमध्ये अडीचशेच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलीग्रॅमच्या आत सोडियम ठेवायला सांगते, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ. आता दीडशे ग्रॅम असे मटार खाल्ले की पावणेचारशे मिलीग्रॅम झालं, म्हणजे दिवसाच्या कोट्याचा जवळजवळ पाचवा भाग, आणि आपण वरून मीठ अजून घातलेलंच नाहीये.

हिशोब सोपा आहे, सोडियमचा आकडा अडीचने गुणा की मीठ मिळतं, ४०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे साधारण १ ग्रॅम मीठ. लेबलवरचा आकडा १०० ग्रॅमचा आहे, एका वाढणीचा आहे की आख्ख्या डब्याचा, ते आधी बघा, मी सुरुवातीला वाढणीचा आकडा आख्ख्या डब्याचा समजून चालले होते. नंतर घटकांची यादी, ती जास्तीपासून कमीकडे लिहिलेली असते. मटार आणि पाणी एवढंच असेल तर उत्तम. मक्यात आणि मटारमध्ये कधी साखरही घातलेली असते, तिथे लक्ष द्या. "मीठ घातलेलं नाही" आणि "कमी मीठ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलं मिळालं तर तेच घ्या. आणि वजन दोन प्रकारे लिहिलेलं असतं, एकूण वजन आणि निथळलेलं वजन, तुमच्या ताटात येणार ते दुसरं.

पायरी ६: डबा उघडल्यावर निथळा, धुवा, पण आधी विचार करा

राजमा-चण्यासारख्या डब्यातलं पाणी चाळणीत निथळलं की सोडियम साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त कमी होतं, वरून साध्या पाण्याखाली धुतलं की सुमारे ४० टक्क्यांपर्यंत. मटार, मका, फरसबी यांत धुण्याने तेवढा फरक पडत नाही, दहा-वीस टक्क्यांच्या आसपास, कारण मीठ आत मुरलेलं असतं. म्हणून धुतो ना मग काय झालं, असं म्हणून मिठाचा डबा आणू नका, मुळात बिनमिठाचाच बघा.

धुण्याबरोबर पाण्यात विरघळलेलं सी, फोलेट, पोटॅशियमही जातं हे खरं. म्हणून माझा नियम असा, मीठ असेल तर निथळून धुवायचं, मीठ नसेल तर ते पाणी सूपमध्ये किंवा रस्सा करताना वापरायचं.

आणि डब्यातली भाजी पूर्ण शिजलेलीच असते, तिला परत दहा मिनिटं उकळायची काहीच गरज नाही. इतर सगळं शिजत आलं की शेवटी घाला, नीट गरम होऊ द्या आणि गॅस बंद करा. ताज्या भाजीलाही हेच लागू, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतण्यापेक्षा वाफवा, नाहीतर थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा.

पायरी ७: डबा तपासून घ्या

फुगलेला डबा, गळणारा डबा, जोडाच्या कडेला चेपलेला डबा, खोल गंजलेला डबा, हे घ्यायचेच नाहीत. घरात असलेला फुगला असेल किंवा उघडताना आतून जोरात फवारा आला तर चव घेऊन बघू नका, तसाच टाकून द्या. पायरी ३ मधल्या त्या जंतूचं, म्हणजे बोट्युलिझमचं, विष वासाने किंवा चवीने ओळखता येईलच असं नाही. मधल्या भागावरचा लहानसा उथळ पोचा सहसा चालतो, पण नखाएवढी खोल, टोकदार खाच असेल तर नको.

डबे थंड, कोरड्या जागी ठेवा, शेगडीच्या वर किंवा उन्हात नाही. टोमॅटोसारखे आंबट डबे साधारण दीड वर्षात संपवलेले बरे, बाकीचे दोन ते पाच वर्षं चांगले राहतात, तरी छापलेली तारीख बघाच. उघडल्यावर उरलेली भाजी डब्यात ठेवू नका, हवा लागली की आतलं कथील जास्त वेगाने विरघळतं, विशेषतः आंबट पदार्थात. काचेच्या भांड्यात काढा, झाका, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

डब्याच्या आतल्या अस्तराबद्दल पण विचारलं जातं. बऱ्याच डब्यांना आतून इपॉक्सीचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, थर असतो, त्यात बीपीए नावाचं रसायन वापरत आलेत. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची सुरक्षित मर्यादा पूर्वीपेक्षा २०,००० पट खाली आणली आणि २०२४ च्या अखेरीस युरोपियन युनियनने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये त्यावर बंदी घालायचं ठरवलं. मी स्वतः जमेल तिथे बीपीए नसलेला डबा किंवा काचेची बरणी घेते आणि डबा आहे तसाच शेगडीवर कधी तापवत नाही. त्यापायी भाजी खाणंच सोडावं असं मात्र मला वाटत नाही.

पायरी ८: आता ठरवा, कुठली भाजी कशी घ्यायची

टोमॅटो, राजमा, चणे, भोपळा डब्यातले बिनधास्त घ्या. बीट आणि मकाही चालतात, साखर-मीठ बघून. पालक, ब्रोकोली, फरसबी ताजी मिळत असेल आणि लगेच करणार असाल तर ताजीच, नाहीतर डब्याआधी फ्रोझन बघा, कारण फ्रोझन भाजी थोडा वेळ गरम पाण्यात धरून लगेच गोठवतात, १२१ अंशांपर्यंत नेत नाहीत आणि सहसा मीठही घालत नाहीत. मटारला तर मी फ्रोझनच पहिली पसंती देते. काकडी, पानांचं सॅलड, सिमला मिरची या कच्च्या खायच्या गोष्टी, त्या ताज्याच.

पण यात एक गोष्ट आकड्यांत येत नाही. फ्रिजमध्ये पिवळी पडून फेकलेल्या पालकातून पोटात शून्य मिलीग्रॅम गेलं. ज्या दिवशी दमून आलात, चिरायची ताकद नाही आणि नाहीतर भाजीशिवायच जेवणार आहात, त्या दिवशी कपाटातला बिनमिठाचा डबा ही चांगली निवड आहे, त्यात मन खायचं काही कारण नाही.

काही जणांना मात्र वेगळं बघावं लागतं. किडनीचा त्रास असलेल्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलेलं असेल तर निथळलेली डबाबंद भाजी कधी कधी ताज्यापेक्षा सोयीची पडते, पण मीठ नको, आणि हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाला विचारूनच. वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) घेणाऱ्यांनी पालकाचं प्रमाण आज खूप, उद्या काहीच नाही असं करू नये, या औषधाचा परिणाम कमी करणारं व्हिटॅमिन के डब्यातल्या पालकातही भरपूर असतं आणि तो दाबून भरलेला असल्याने एका वाटीत बराच जातो. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ घातलेल्या डब्यातली भाजी धुऊनही देऊ नका, त्याच्यासाठी ताजी किंवा फ्रोझन भाजी मीठ न घालता मऊ शिजवून, कुस्करून द्या.